जून ते मे: घराबाहेर शिकणाऱ्यांचा पैशांचा हिशेब

लातूरकडच्या एखाद्या शेतकरी घरातला मुलगा बारावीनंतर पुण्यात शिकायला येतो, तेव्हा घरचा पैसा आणि त्याचा खर्च यांचे वेळापत्रक जुळत नाही. सोयाबीन बाजारात जाते ऑक्टोबरच्या सुमारास, तूर जानेवारीच्या आसपास. प्रवेश मात्र जून-जुलैत होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात बियाणे-खतांचा खर्च चालू असतो. कॉलेजची फी, खोलीचे डिपॉझिट, गादी, बादली, पुस्तके हे सारे एकाच पंधरवड्यात अंगावर येते. शिष्यवृत्ती मंजूर होणार असली, तरी ती खात्यात पडेपर्यंत बहुधा दिवाळी उलटून जाते. कधी कधी वर्षही संपत येते.

घरच्यांना वाटते मुलगा उधळतो. मुलाला वाटते घरून पुरेसे येत नाही. वर्षभराच्या नोंदी समोर ठेवल्या की बरेचदा तिसरेच कारण दिसते. पैसा येतो दोन-तीन मोठ्या हप्त्यांत, खर्च होतो रोज, आणि मधल्या काळात उसनवारी, मेसची थकबाकी, लोन ॲप असे एकेक शिरत जाते. म्हणून ‘महिन्याला किती लागतात’ हे विचारण्याआधी ‘कोणत्या महिन्यात किती लागतात’ हे कागदावर यायला हवे.

वर्षाचा आकडा

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे शहराप्रमाणे आणि वस्तीप्रमाणे बदलतील, रीत तीच राहील. पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरते भाडे देऊन, राहणाऱ्या विद्यार्थ्याचे खोलीभाडे ३,५०० रुपये, दोन वेळच्या मेसचे ३,५००, चहा-नाश्त्याचे १,२००, प्रवासाचे ७५०, मोबाइल रिचार्जचे ३००, वह्या-झेरॉक्स-प्रिंटचे ५००, साबण, धुणे आणि केस कापणे यांचे ६०० आणि किरकोळ ६५० धरले, तर महिन्याची बेरीज ११,००० होते. सुट्ट्या वगळून दहा महिन्यांचे १,१०,००० झाले.

इथपर्यंतचा हिशेब बहुतेक घरांत होतो. राहून जाते ते यापुढचे: डिपॉझिट ७,०००, गादी-बादली-कुलूप ३,०००, पुस्तके ३,०००, दोन सत्रांचे परीक्षा अर्ज ३,०००, गावाकडच्या पाच फेऱ्या ५,००० आणि आजारपणासाठी राखलेले ४,०००. हे आणखी २५,००० झाले. फी सोडून वर्षाचा आकडा १,३५,००० वर जातो. त्यातले डिपॉझिट, सामान, पुस्तके आणि दोन महिन्यांचा नेहमीचा खर्च मिळून ३५,००० रुपये पहिल्या दोन महिन्यांतच लागतात. म्हणजे वर्षाच्या रकमेच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. ‘महिन्याला अकरा हजार पाठवू’ असे ठरवून निघालेले घर पहिल्याच महिन्यात कोलमडते ते यामुळे.

हा कागद मे महिन्यात आईवडिलांसोबत बसून करावा. डावीकडे बारा महिने लिहावेत, समोर येणारा पैसा आणि जाणारा पैसा. जून-जुलै, परीक्षा अर्जांचे महिने आणि दिवाळीचा प्रवास यांवर खूण करावी. तूट कोणत्या महिन्यात पडणार हे आधी कळले, तर हरभरा किंवा तूर विकल्यावर त्यातले पैसे बाजूला काढता येतात. पगारावर किंवा मजुरीवर चालणाऱ्या घरांसाठी पोस्टातली किंवा बँकेतली आवर्ती ठेव उपयोगी पडते. मुलगी अकरावीत गेल्यापासून महिन्याला १,५०० रुपये टाकले, तर दोन वर्षांत व्याज सोडूनच ३६,००० जमतात. पहिल्या दोन महिन्यांची सोय त्यात होऊन जाते.

खोली घेताना

सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ इथल्या जुन्या वाड्यांत आणि इमारतींत एकेका खोलीत तीन-चार कॉट टाकून भाड्याने दिल्या जातात. कॉलेज जवळ, अभ्यासिका जवळ, मेस खाली, असा हा सोयीचा भाग असल्याने भाडे चढे असते. कात्रज, धनकवडी किंवा कर्वेनगर-वारजे इकडे खोली स्वस्त मिळाली, तरी रोजच्या येण्याजाण्याचे पैसे आणि वेळ त्यात मिळवूनच तुलना करावी. वीजबिल भाड्यात धरलेले आहे की मीटरप्रमाणे वेगळे, पाणी किती तास येते, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे, हे प्रश्न पैसे देण्यापूर्वीचे आहेत.

डिपॉझिट रोख देऊ नये. खात्यावरून द्यावे आणि ‘परतफेडीची अनामत’ असा मजकूर असलेली पावती घ्यावी. कॉट मालक पावती देत नसेल, तर निदान व्हॉट्सॲपवर रक्कम, तारीख आणि परत देण्याची अट लिहून त्याचे उत्तर घ्यावे. खोलीत शिरताना भिंती, नळ, पंखा, कपाट यांचे फोटो काढून ठेवले, तर निघताना ‘हे तुम्हीच मोडले’ म्हणून कापाकापी होत नाही.

चार मित्र मिळून फ्लॅट घेत असतील, तर लिव्ह अँड लायसन्स करार करावाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केलेली नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात. करारात चौघांचीही नावे असावीत. एकाच्याच नावावर करार असला, तर बाकीचे निघून गेल्यावर भाड्याचा सगळा भार त्या एकावर पडतो.

खासगी वसतिगृहाच्या बिलात जीएसटी लावला जात असेल, तर थांबून विचारावे. महिन्याला माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासावर जुलै २०२४ पासून हा कर माफ आहे.

खोली शोधण्याआधी सरकारी आणि संस्थांच्या वसतिगृहांची चौकशी मात्र झालीच पाहिजे. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची वसतिगृहे आहेत. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय देते. अशा ठिकाणी जागा थोड्या आणि अर्ज फार. निकालाची वाट न पाहता अर्ज कधी सुटतात यावर लक्ष ठेवावे लागते.

शिष्यवृत्तीचा पैसा

महाराष्ट्रात शिष्यवृत्त्यांची उणीव नाही. अडते ते कागदांवर आणि तारखांवर.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध प्रवर्गातल्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत शिकणाऱ्यांना भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना याच धर्तीवर चालते. वर मांडलेल्या १,३५,००० च्या उदाहरणात ६०,००० रुपये आले, तर घरावरचा जवळपास निम्मा भार उतरतो. एवढ्या मोठ्या रकमेसाठी दोन दिवस कागद गोळा करायला लागले, तरी ते करावेत.

फीच्या बाबतीत मुलींसाठी २०२४ चा बदल महत्त्वाचा आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झाले. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. एखादे कॉलेज ‘आधी पूर्ण फी भरा, नंतर परत घ्या’ म्हणत असेल, तर शासन निर्णयाची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच घेतलेला अर्ज पुढे विभागीय कार्यालयात दाखवता येतो. तोंडी बोलणे मात्र कुठेच नोंदले जात नाही.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे आणि दर वर्षी त्यांचे नूतनीकरण करायचे असते. पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आपोआप सुरू राहत नाही. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेला की नाही, हे दर आठवड्याला पाहावे. कित्येक अर्ज तिथेच अडकून पडतात.

दुसरी गफलत बँक खात्याची होते. हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. एका माणसाची अनेक खाती असली, तरी पैसे जातात ते शेवटी जोडलेल्या एकाच खात्यात. विद्यार्थ्याने पुण्यात नवे खाते उघडताना बँकेने आधार जोडले असेल, तर गावच्या खात्यात शिष्यवृत्ती शोधून उपयोग नाही. आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे, हे माय आधार संकेतस्थळावर पाहता येते. अर्ज भरण्याच्या दिवशीच ते पाहून घ्यावे आणि ते खाते बंद पडू देऊ नये.

महिन्याचे पैसे, आठवड्याचे पाकीट

घरून पैसे आले की त्याच दिवशी भाडे आणि मेस चुकती करावी. उरतात ते चार हजार. खरी कसोटी या चार हजारांची असते, कारण ते एका वेळी दोनशे-तीनशे करत जातात. फोन दाखवला की पैसे जातात, त्यामुळे खर्च झाल्याचे लक्षातही येत नाही.

यावर एक सोपा उपाय यूपीआय लाइटमध्ये आहे. या पाकिटात एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होतो. दर सोमवारी त्यात आठवड्याचे ८०० किंवा ९०० रुपये भरावेत, आपोआप भरण्याची सोय बंद ठेवावी आणि चहा, नाश्ता, रिक्षा, झेरॉक्स सगळे त्यातूनच द्यावे. शुक्रवारी पाकीट रिकामे झाले, तर शनिवार-रविवार सांभाळून काढायचे. महिनाअखेरीला दहा दिवस ओढाताण करण्यापेक्षा आठवड्याअखेरीचे दोन दिवस सांभाळणे सोपे जाते.

खोलीतल्या सामाईक खर्चाची कॉन्ट्री महिन्याच्या सुरुवातीलाच काढावी. गॅस, पाणी, वाय-फाय, झाडू-फिनेल यांचे पैसे एका डब्यात किंवा एका खात्यात राहिले, तर ‘मी मागच्या वेळी दिले होते’ हा वाद होत नाही. बाहेर जेवायला गेल्यावर टीटीएमएम (तुझे तू, माझे मी) ठेवावे आणि ते आधीच सांगावे. वाढदिवसाच्या पार्टीला दोनशेच्या वर देता येणार नाहीत, असे सांगणाऱ्या मुलाला मित्र सोडून जात नाहीत. उसने काढून पार्टी करणाऱ्याला मात्र महिनाभर तोंड चुकवत फिरावे लागते.

जेवण

पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, आठवड्याचे सात दिवस सात घरी. आज ती जागा मेसने घेतली आहे. मेस लावताना पहिल्यांदा पंधरा दिवसांचेच पैसे द्यावेत. तीन महिन्यांचे आगाऊ भरले तर सवलत मिळते हे खरे, पण अन्न सोसले नाही किंवा मेस बंद पडली, तर ते पैसे सुटणे कठीण असते. खाड्यांचा नियम आधी विचारावा. किती दिवस सलग गैरहजर राहिल्यावर खाडे धरतात, आदल्या दिवशी सांगावे लागते की नाही, आणि रविवारी फीस्टनंतर संध्याकाळची मेस बंद असते का. पाच वेळा गावी जाणाऱ्या मुलाचे वर्षाकाठी वीस-पंचवीस दिवसांचे खाडे होतात. ते लिहून ठेवले तर जवळजवळ एका महिन्याच्या मेसचे पैसे वाचतात.

तिघे-चौघे एकत्र राहत असतील आणि घरमालकाची ना नसेल, तर एक वेळ खोलीवर करणे परवडते. सकाळी मेस आणि रात्री वरण-भात किंवा खिचडी, ही जोडी अनेक खोल्यांत चालते. गावाकडून ज्वारी, तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आला की किराण्याचे बिल निम्म्यावर येते. इंडियन ऑइलचा पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतो. रस्त्यालगतच्या दुकानात छोट्या टाक्या भरून घेणे बेकायदा आणि जिवावर बेतणारे आहे.

पैसे कमी पडले की मुले पहिली कात्री पोटाला लावतात. सकाळचा नाश्ता सोडतात, रात्री वडापाववर भागवतात, आणि परीक्षेच्या तोंडावर आजारी पडतात. बाकी कुठेही काटकसर करावी, दोन वेळच्या जेवणाला आणि सकाळच्या पोटभर खाण्याला हात लावू नये. उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे-मूग, केळी, शेंगदाणे-गूळ हे स्वस्त आणि पोटाला आधार देणारे नाश्ते आहेत.

प्रवास आणि पुस्तके

सवलती असतात, पण त्या मागाव्या लागतात. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. तालुक्याच्या गावातून शहरात रोज ये-जा करता येण्याजोगे अंतर असेल, तर हा पास आणि खोलीभाडे यांची तुलना करून पाहावी. मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलींना त्याचा उपयोग होतो. पुण्यात पीएमपी बसचा विद्यार्थी पास आहे, पुणे मेट्रोत विद्यार्थी कार्डावर ३० टक्के सवलत आहे. रेल्वेने सुट्टीत घरी जाताना कॉलेजकडून सवलतीचा अर्ज भरून घेतला, तर स्लीपर आणि दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सूट मिळते. मुंबईत लोकलच्या पासासाठीही कॉलेजचा असाच सवलत अर्ज लागतो.

पुस्तके विकत घेण्यापूर्वी पंधरा दिवस वर्गात बसावे. शिक्षक प्रत्यक्षात कोणते पुस्तक वापरतात हे तेव्हा कळते. मग ग्रंथालय, त्यानंतर वरच्या वर्गातले विद्यार्थी, आणि शेवटी अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकाने, असा क्रम ठेवावा. पदव्युत्तर आणि संशोधन करणाऱ्यांनी शोधनिबंधांसाठी पैसे मोजू नयेत. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून सरकारी विद्यापीठे आणि संस्थांना सुमारे १३,००० आंतरराष्ट्रीय नियतकालिके खुली झाली आहेत. लॉगिन कसे करायचे ते ग्रंथपाल सांगतात.

कमवा आणि शिका

शिकता शिकता कष्ट करून खर्च भागवण्याची मोठी परंपरा महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, आणि श्रमातून शिक्षण ही गोष्ट तिथे रोजच्या जगण्यात आणली. त्यांचेच नाव असलेली ‘कमवा आणि शिका’ योजना आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि संलग्न कॉलेजांत चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग, प्रयोगशाळा अशा ठिकाणी रोज दोन-तीन तासांचे काम आणि तासाप्रमाणे मोबदला. रक्कम मोठी नसते, पण काम कॉलेजातच असते, तासिकांच्या वेळा सांभाळल्या जातात आणि परीक्षेच्या दिवसांत कामातून सूट मिळू शकते. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच घेतले जातात. कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यातच भेटावे.

बाहेरच्या कामांत शाळकरी मुलांच्या शिकवण्या सर्वांत परवडतात, कारण वेळ ठरलेली असते आणि गुंतवणूक शून्य. डिलिव्हरीचे काम करायचे असेल, तर दिवसाच्या कमाईतून पेट्रोल, गाडीची झीज आणि मोबाइल डेटा वजा करून तासाला काय उरते ते आठवडाभर लिहून पाहावे. घरबसल्या टायपिंग, व्हिडिओ लाइक करण्याचे पैसे, आधी नोंदणी शुल्क भरा, अशा जाहिरातींपासून लांब राहावे. काम देणारा कामगाराकडून पैसे मागत नाही.

कर्ज आणि मोह

फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप विद्यार्थ्यांना सहज गाठतात. गणित पाहावे. ५,००० रुपयांचे कर्ज, त्यातून १,००० ‘प्रक्रिया शुल्क’ आधीच कापले, हातात आले ४,०००, आणि पंधरा दिवसांनी फेडायचे ५,०००. चार हजारांवर पंधरा दिवसांत हजार रुपये, म्हणजे २५ टक्के. वर्षाच्या दराने हे व्याज ६०० टक्क्यांच्या वर जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देणाऱ्याने वार्षिक खर्चाचा दर आणि सर्व शुल्के एका पत्रकात आधी दाखवायची असतात, आणि ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करण्याची मुभा द्यायची असते. ज्या ॲपवर हे पत्रक दिसत नाही किंवा जे फोनमधले संपर्क आणि फोटो मागते, ते तिथेच काढून टाकावे. वसुलीसाठी धमक्या आल्या, तर घाबरून दुसऱ्या ॲपवरून कर्ज काढू नये. घरी सांगावे, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

याच वाटेने दुसरा धोका येतो. ‘तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो’ असे सांगणारे लोक कॉलेजांच्या आसपास फिरतात. फसवणुकीचा पैसा फिरवण्यासाठी त्यांना अशी खाती लागतात. खाते गोठते, गुन्ह्यात नाव खातेदाराचे येते, आणि पुढे नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ते समोर उभे राहते. खाते, एटीएम कार्ड आणि सिम कुणालाही, अगदी मित्रालाही, देऊ नये.

शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगचे शिक्षण देणारे व्हिडिओही मुलांना खेचतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. असे व्यवहार करणाऱ्यांत तीस वर्षांखालच्यांचे प्रमाण २०२३-२४ मध्ये ४३ टक्क्यांवर गेले होते. मेसचे आणि फीचे पैसे या बाजारात नेणे म्हणजे वर्ष पणाला लावणे आहे.

शैक्षणिक कर्जाची गोष्ट वेगळी. ते गरजेचे असू शकते आणि नियमात बसणारे असते. पण मुदतीचे व्याज आधी समजून घ्यावे. दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख याप्रमाणे चार वर्षे कर्ज उचलले, व्याजदर ९ टक्के सरळव्याजाने धरला आणि शिक्षणानंतर एक वर्ष सवलतीचे, म्हणजे हप्ता न भरण्याचे, धरले, तर पहिला हप्ता सुरू होताना मुद्दल ४ लाखांवर १,२६,००० रुपये व्याज साचलेले असते. शिकत असताना नुसते व्याज भरत गेले, तर हा डोंगर उभा राहत नाही आणि अनेक बँका दरातही थोडी सूट देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. गावातल्या सावकाराकडे जाण्याआधी बँकेत आणि विद्यालक्ष्मी पोर्टलवर चौकशी करावी.

आजारपण

डेंग्यूने एकदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले की विद्यार्थ्याचे वर्षाचे गणित कोसळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. म्हणून रेशन कार्डाची आणि आधारची प्रत खोलीत असावी, आणि जवळचे योजनेतले रुग्णालय कोणते हे आजारी पडण्याआधी माहीत असावे. अपघातासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण देते. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला ती आपले खाते असलेल्या बँकेत घेता येते.

पैशांची चणचण मनालाही लागते. घरी आधीच ओढाताण आहे, त्यात आपली भर नको म्हणून मुले गप्प राहतात. आईवडिलांनी महिन्यातून एकदा तरी ‘किती उरले’ याऐवजी ‘काय अडले आहे’ असे विचारावे. मुलांनीही अडचण हजारात असतानाच सांगावी, ती लाखात जाईपर्यंत थांबू नये.

मे महिन्यातली कामे

परीक्षा संपली की गावी जाण्याची घाई असते, पण पुढच्या जूनची तयारी याच दिवसांत होते. खोली सोडायची असेल, तर ठरल्याप्रमाणे आधी लेखी कळवून डिपॉझिट मागावे. कॉलेज सोडत असल्यास ग्रंथालय आणि प्रयोगशाळेची अनामत परत मिळते. तिचा अर्ज कित्येक जण करतच नाहीत. दुसरीकडे प्रवेश घेतला असेल, तर पहिल्या कॉलेजकडून फी परत मागावी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या आधी किंवा नंतर किती दिवसांत प्रवेश रद्द केला, यावर परताव्याचे प्रमाण ठरते, आणि मूळ कागदपत्रे कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत. जुनी पुस्तके खालच्या वर्गातल्या मुलांना विकावीत.

गावी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात सेतू केंद्र किंवा ‘आपले सरकार’वरून चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढायला टाकावा. जुना दाखला सहसा ३१ मार्चला संपलेला असतो आणि जूनमध्ये तहसील कार्यालयात गर्दी होते. नॉन क्रिमीलेयर, जात पडताळणी आणि रहिवासी दाखला यांच्या मुदती त्याच वेळी तपासाव्यात. या सगळ्यांच्या स्कॅन प्रती फोनमध्ये आणि ईमेलवर ठेवाव्यात, आणि सरलेल्या वर्षाचा बारा महिन्यांचा कागद काढून खऱ्या खर्चाचे आकडे अंदाजाशेजारी लिहून पुढच्या वर्षाचा कागद करावा.